नाना, पाणी वाचायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण धुळे, शिरपूर, नंदुरबार, जळगावकडची मंडळी हल्ली मला विचारतात की खाऱ्या पाण्यातल्या माशांची छोटी टाकी आपल्या भागात जमते का. जमते. पण मला ती कशामुळे जमली, हे तुमचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तुम्ही नेमकं काय केलंत हे सांगितलं नाही, तर नुसते आभार पोकळ वाटतील.

टाकी पन्नास लिटरची, बाहेरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीजवळ. विकणाऱ्याने सांगितलं होतं, मीठ कालवा, पाणी भरा, दोन दिवसांनी मासे सोडा. तुम्ही भरिताची वांगी द्यायला आलात, काचेत नुसती वाळू, दगड आणि पाणी पाहिलंत आणि विचारलंत, "या पानीमा अमोनिया खानारं कोन शे?" खाऱ्या पाण्यातला मासा तुम्ही कधी पाळलेला नव्हता. पण उभी नोकरी माती परीक्षण प्रयोगशाळेत गेलेली. त्या संध्याकाळी तुम्ही मला कपाशीच्या शेतातून टाकीपाशी आणलंत. शेतात युरिया पडला की त्याचा अमोनिया होतो, जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते पिकाची मुळं उचलतात. टाकीत युरियाच्या जागी मासे कल्ल्यांवाटे सोडतात तो अमोनिया आणि कुजलेलं खाद्य. जिवाणू दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर बसून तेच काम करतात. इथे पीक नाही, म्हणून नायट्रेट मात्र पाणी बदलून आपणच बाहेर काढायचं. यालाच टाकी सायकल करणं म्हणतात. मी ते वाचलं होतं, पण डोक्यात बसलं ते तुमच्या तोंडून.

हे जिवाणू पहिल्यांदा मातीतूनच वेगळे काढले गेले, १८९० च्या सुमारास, सर्गेई विनोग्राडस्की यांनी, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यावर मी तुम्हाला २००५ ची बातमी वाचून दाखवली होती. अमोनियावर जगणारा एक वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव, आर्किया, शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा शुद्ध रूपात लागला तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खड्यांतून. ते तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत आणि माझ्या टाकीतल्या वाळूकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. तेव्हापासून मीही त्या वाळूकडे वेगळ्या नजरेने बघते.

माशाच्या जिवावर सायकल करायची नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंत. कारणही सांगितलंत. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४ ठेवतात. गोड्या पाण्यात सामू ७ च्या आसपास असला की बहुतेक अमोनिया अमोनियम रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. सामू ७ चा ८.२ झाला की विषारी भाग दहा पटींहून जास्त होतो. म्हणजे गोड्या पाण्यात जो अमोनिया मासा कसाबसा सोसेल, तेवढाच इथे त्याचे कल्ले जाळेल.

मग अमोनिया बाहेरून द्यायचा ठरला. कल्हईवाल्याकडचा नवसागर चालेल का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, तोही अमोनियम क्लोराईडच, पण त्यात कोणता धातू मिसळलाय याची खात्री कोण देणार? तांब्याचा अंश गेला तरी पुढे शंख आणि खेकडे जगायचे नाहीत. प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून शुद्ध पावडर आणवलीत. पन्नास लिटरला २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया करायला ती लागते साधारण ०.३ ग्रॅम, आणि घरातल्या काट्यावर एवढं वजन होत नाही. तुम्ही ३ ग्रॅम पावडर १०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवलीत आणि त्यातलं १० मिली सिरिंजने टाकीत सोडलंत. बाटलीवर तारीख, प्रमाण आणि ठळक अक्षरांत 'पिऊ नये' असं लिहून ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीत. ती बाटली मी अजून वापरते.

पण माझ्यावर तुमचं खरं ऋण आहे ते तपासणीचं. किट विकत मिळतं, किट वापरणारा हात मिळत नाही. काचेची नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळायची, साबण लावायचा नाही. पाणी रेघेपर्यंत आलं की नाही ते नळी डोळ्यांच्या पातळीला धरून बघायचं. थेंबांची बाटली सरळ उभी धरायची, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हलवायचं नाही, झाकणच लावायचं. रंग ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून जुळवायचा. अमोनियाच्या चाचणीत पिवळा आणि पोपटी यांच्यात फरक एवढासा असतो आणि निर्णय त्यावरच घ्यायचा असतो. घड्याळ लावून पाच मिनिटं म्हणजे पाचच. दहा मिनिटांनी पाहिलेला रंग वहीत उतरवू दिला नाहीत. नायट्रेटची दुसरी बाटली तर अर्धा मिनिट जोरजोरात हलवायला लावायचात, कारण तिच्या तळाशी बसलेली भुकटी थेंबात आली नाही तर पाणी नायट्रेटने भरलेलं असलं तरी किट शून्यच दाखवणार.

आणि पहिली तपासणी टाकीच्या पाण्याची नाही! आधी आरओच्या पाण्याची, मग बादलीत नुसत्या कालवलेल्या खाऱ्या पाण्याची. प्रयोगशाळेत याला कोरा नमुना म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत. नव्या मिठाच्या पाण्यातच किटने हलकी पोपटी छटा दाखवली होती. ती नोंद वहीत होती, म्हणून पुढे टाकीत तीच छटा दिसली तेव्हा तिचा अर्थ लावता आला. किट घेतलेल्या प्रत्येकाला मी आता आधी एवढंच सांगते.

क्षारतेचंही तसंच. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो ३५ वर बरोबर असेलच असं नाही. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावण मागवून त्यावर लावून घ्या, असा तुमचा आग्रह होता. विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६ म्हणजे साधारण तेवढंच.

वहीचे रकाने तुम्ही पट्टीने आखून दिलेत: तारीख, वेळ, तापमान, क्षारता, सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), शेरा. शेऱ्यात 'ठीक' लिहायची बंदी होती. काय दिसलं तेच लिहायचं. संध्याकाळी तुमचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काय म्हनस पानी?" मी आकडे वाचायची, तुम्ही मधेच थांबवून मागच्या आठवड्यातला आकडा विचारायचात. एका आकड्यावरून तुम्ही कधीच काही बोलला नाहीत, दोन आकड्यांमधल्या चालीवरून बोललात.

सगळ्यात कठीण काळ नायट्राइटचा होता. अमोनिया उतरून शून्यावर आला, घरात सगळ्यांना वाटलं झालं काम, आणि नायट्राइटची नळी गडद जांभळी. दुसऱ्या दिवशी जांभळी, पुढच्या आठवड्यातही जांभळीच. अमोनिया फोडणारे जिवाणू आधी वाढतात, नायट्राइट फोडणारे मागून येतात, आणि दोघेही आळशी. इतर काही जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी आख्खा दिवस लागतो. तुम्ही अमोनिया देणं थांबवलंत आणि म्हणालात, "विरजण लावलं की भांडं हलवू नये, पानीले टाइम दे." घरी आलेल्या प्रत्येकाला मासे कुठे आहेत हे विचारायचं असायचं. त्या दिवसांत तुमचा फोन नसता तर मी धीर सोडला असता, हे मी मनापासून सांगते.

याच काळात दोन गोष्टी तुमच्यामुळे कळल्या. खाऱ्या पाण्यात क्लोराईड भरपूर असतं, त्यामुळे नायट्राइटला माशाच्या शरीरात शिरायला सहजी वाट मिळत नाही. गोड्या पाण्यात जेवढं ते घातक, तेवढं इथे नाही. तरी ते मोजायचं, कारण सायकल कुठवर आली हे त्यावरून कळतं, आणि नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो. ती चाचणी मुळात नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग दाखवते. म्हणून त्या रकान्यात तुम्ही पेन्सिलने लिहायला लावायचात.

दुसरी गोष्ट केएचची. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि पाण्यातला केएच खाल्ला जातो. तो घसरला की सामू घसरतो आणि जिवाणूही मंदावतात. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं टाकलेल्या जमिनीचा सामू का उतरतो, ते तुम्ही कितीतरी शेतकऱ्यांना समजावलं असेल. माझा केएच उतरताना दिसला, तेव्हा तुम्ही किटच्या पुस्तिकेकडे पाहिलंही नाहीत, सरळ बादलीत नवं खारं पाणी कालवायला सांगितलंत. केएच वर आला आणि काही दिवसांतच नायट्राइट पहिल्यांदा हललं.

तेव्हा एप्रिल लागला होता. आपल्याकडचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या सल्ल्यात ते कुठेच नसतं. टाकीला २५-२६ अंश हवेत आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर. पाणी गार करणारा चिलर परवडणारा नव्हता. तुम्ही पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा सुचवलात. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर जसा इथे चालतो तसा हा पंखाही चालतो. दमट किनाऱ्यावर तो इतका चालला नसता. फक्त पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. पन्नास लिटरमधलं दोन लिटर उडालं तर ३५ चं ३६.५ होतं. म्हणून काचेवर मार्करने रेघ, आणि रोज सकाळी रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी, खारं नाही. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र फरशीला आणि कुंड्यांना. नळाला रोज पाणी येत नाही तिथे ते गटारात सोडलेलं तुम्ही खपवून घेतलं नाहीत, आणि ते योग्यच होतं. वीज गेली की लावायला सेलवर चालणारा हवेचा पंपही तुमच्याच सांगण्यावरून आला.

दगडांबद्दल तर तुमचे वेगळे आभार. समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड', म्हणजे जिवाणू वसलेला प्रवाळाचा तुकडा, घातला की सायकल लवकर होते, असं सांगून कुणीतरी तो स्वस्तात देऊ केला होता. तुम्ही विचारलंत, तो कुठून तोडला? आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही विकता येत नाही. आपण कोरडा, कृत्रिम सच्छिद्र दगड घेतला. जास्त दिवस लागले, लागू देत. माझ्या हौसेसाठी कुठलंही बेट खरवडलं गेलं नाही, याचं समाधान फार मोठं आहे.

शेवटी तो दिवस आला. २ पीपीएम अमोनिया दिला आणि २४ तासांत अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य. तुम्ही तरीही दुसऱ्यांदा करायला लावलंत. पुन्हा शून्य. मग नायट्रेट उतरवायला निम्मं पाणी बदललं आणि क्लाउनफिशची जोडी आली, हॅचरीत वाढवलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांचं बंदिस्त प्रजनन साधलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घ्यायची गरजच राहत नाही. पिशवी तरंगत ठेवून टाकीचं पाणी त्यात थोडंथोडं सोडत तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला होतात, गुडघा दुखत असूनही. मासे सुटल्यावर सगळे मासे बघत होते आणि तुम्ही नळी विसळायला घेतली होती, दुसऱ्या दिवशीच्या अमोनियाच्या तपासणीसाठी.

नंतर काचेवर तपकिरी शेवाळ धरलं, तेव्हा मी घाबरले नाही. ते डायटम असतात, नव्या टाकीत येतात आणि पाण्यातली सिलिका संपली की जातात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. गेलेही.

आता थोडं कामाचं. शिरपूरच्या एका मुलाने टाकी घेतली आहे, अजून पाणी भरलेलं नाही. मी त्याला आपल्या वहीची झेरॉक्स दिली आणि कोऱ्या नमुन्याचं सांगितलं, पण केएचबद्दल त्याचे प्रश्न माझ्यापलीकडचे आहेत. तुमचा नंबर त्याला देऊ का, ते कळवा. आणि मॅग्नेशियमचं किट आलंय, शनिवारी सकाळी उजेड असताना याल का? पुरणपोळी करणार आहे, काकूंनाही घेऊन या.

तुमची,
शेजारची ताई