फिल्टर बसला, मिठाचा हिशेब कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्याने नवा आरओ (पडद्यातून गाळून पाण्यातले क्षार वेगळे काढणारे यंत्र) बसवला आणि सांडपाण्याचा प्रश्न मिटला, अशा अर्थाच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. सोबत फोटो असतो. निळ्या टाक्या, चकचकीत पाइप, फीत कापणारे पाहुणे. मी सोलापुरात सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. नोकरीची बहुतेक वर्षे पाणी तपासण्यातच गेली. या फोटोंमध्ये मला एक पाइप कधीच दिसत नाही. फिल्टरने अडवलेला गाळ, वापरून झालेले मीठ आणि आरओने बाजूला काढलेले पाणी ज्यातून बाहेर पडते, तो पाइप. तो कुठे जातो हे बातमीत येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कारखान्याची गरज सांगते, कारण ती खरी आहे. सोलापूरची जमीन काळ्या दगडाची, बोअरचे पाणी जड. ज्या पाण्यात घरची तूरडाळ शिजत नाही, त्या पाण्यात टॉवेलचे सूतही नीट रंगत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला व रंगाला धरून बसतात, मग सुतावर डाग पडतात, एका लॉटची छटा दुसऱ्या लॉटशी जुळत नाही. बॉयलरमध्ये तर तेच क्षार नळ्यांना आतून खपलीसारखे चिकटतात. खपली जाड झाली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि नळी तापून फुटण्याचा धोका राहतो. त्यामुळे पाण्यावर प्रक्रिया करणारा मालक काही चैन करत नसतो.

ही प्रक्रिया एका यंत्राने होत नाही. सगळ्यालाच सरसकट ‘फिल्टर’ म्हटले जाते, त्यातून अर्धा गोंधळ होतो. पहिली टाकी वाळूची असते, म्हणजे मल्टिग्रेड फिल्टर. खाली गोटे, वर बारीक होत जाणारी वाळू. ती पाण्यात तरंगणारी माती आणि गाळ अडवते. आतला व बाहेरचा दाब यांत अर्धा-पाऊण किलोचा फरक दिसायला लागला, की पाणी उलटे सोडून बॅकवॉश मारायचा. दुसरी टाकी कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची. क्लोरीन, वास आणि काही प्रमाणात रंग हा कोळसा धरून ठेवतो. पुढे आरओ असेल तर ही टाकी फार महत्त्वाची, कारण आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो. याशिवाय कापडी पिशवीचे फिल्टर, आरओच्या तोंडाशी पाच मायक्रॉनची कार्ट्रिज, कूलिंग टॉवरच्या फिरत्या पाण्यातला थोडा भाग गाळून परत सोडणारा साइडस्ट्रीम फिल्टर, ही सगळी याच जातीची. यांतले एकही यंत्र पाण्यात विरघळलेले मीठ काढत नाही. वाळूतून आणि कोळशातून गेलेले पाणी काचेसारखे दिसते आणि खारटपणा होता तेवढाच राहतो.

पाण्यात विरघळलेल्या जडपणासाठी सॉफ्टनर लागतो, आणि माझे मुख्य म्हणणे त्याच्याबद्दल आहे. टाकीत राळेचे बारीक मणी असतात, त्यांना रेझिन म्हणतात. जड पाणी त्यावरून गेले की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. आमच्याकडे प्रत्येक पाळीत सॉफ्टनरच्या बाहेरच्या पाण्याचा नमुना यायचा. त्यात आम्लता स्थिर ठेवणारे बफर घालून एरिओक्रोम ब्लॅक या रंगदर्शकाची चिमूट टाकायची. पाणी निळे झाले तर मऊ. वाइनसारखा लालसर रंग आला तर जडपणा शिल्लक आहे, ईडीटीए हे मोजणीचे रसायन टाकून किती ते मोजायचे आणि ऑपरेटरला सांगायचे, ‘मीठ मारा.’ मग तो मिठाचे संपृक्त पाणी रेझिनवर सोडायचा. मणी पुन्हा सोडियमने भरायचे आणि धरलेला सगळा जडपणा उरलेल्या मिठासकट गटारात जायचा.

आता गणित मांडते. लिटरमागे 500 मिलिग्रॅम जडपणा असलेले एक लाख लिटर पाणी रोज मऊ करायचे आहे असे धरा. रंगाईच्या कारखान्याला एवढे पाणी काहीच नाही. त्यात जडपणा 50 किलो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने किलोला 1.17 किलो मीठ पुरे. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त लागते, कारण रेझिनला मिठाचा जोर द्यावा लागतो. म्हणजे दिवसाला सव्वाशे किलो, 50 किलोची अडीच पोती. कामाचे 300 दिवस धरले तर वर्षाला साडेसदतीस टन मीठ एका कारखान्याच्या एका टाकीतून जमिनीकडे जाते. मीठ जळत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू त्याला हात लावत नाहीत. आत आलेल्या प्रत्येक पोत्याला बाहेर जायला वाट लागतेच.

आरओचेही तेच. पडदा पाण्याचे दोन वाटे करतो. शंभर लिटरपैकी 75 लिटर गोडे मिळाले, तर उरलेल्या 25 लिटरमध्ये जवळजवळ सगळे क्षार गोळा होतात. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, 1200 असेल तर टाकाऊ पाण्याचा सुमारे 4800 होतो. रेझिनने सगळेच क्षार काढणाऱ्या डीएम प्लान्टमध्ये मिठाऐवजी आम्ल आणि कॉस्टिक सोडा वापरतात, तिथे ते आधी खड्ड्यात एकमेकांत मिसळून उदासीन करावे लागते, आणि उदासीन झाल्यावरही क्षार उरतातच. आरओ वाईट यंत्र आहे असे मी म्हणत नाही. ते क्षार वेगळे करण्याचे काम चोख करते. वेगळ्या झालेल्या क्षारांचे पुढे काय करायचे, हे माणसांनी ठरवायचे असते.

सुती कापड रंगवणाऱ्या कारखान्यात याच्या कितीतरी पट मीठ रंगाच्या टाकीतच पडते. रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर्स सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात. सूत रंग घेते, मीठ पाण्यात राहते. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात सॉफ्टनरचे सोडियम, रंगाईचे सोडियम आणि वर कॉस्टिकचे सोडियम. काळ्या जमिनीला हेच बाधते. आपल्याकडच्या चिकणमातीचे कण कॅल्शियमने एकत्र धरलेले असतात. सोडियम त्याची जागा घेऊ लागले की माती फुगते, तिची छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि सुकल्यावर जमीन दगडासारखी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतात. चोपण झालेल्या रानात जिप्सम टाकून, चर काढून, हिरवळीचे खत गाडून वर्षानुवर्षे राबावे लागते. बॉयलरला जे पाणी उत्तम, तेच या मातीला घातक.

ओढ्याकाठचे काही शेतकरी बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत यायचे. पाणी नितळ असायचे. त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, ‘बाई, दिसायला तर चांगलंय, मग ज्वारी का पिवळी पडतीय?’ मीटर बुडवला की आकडा दिसायचा. त्यांच्या विहिरीत कोणाचे मीठ आले हे त्या बाटलीवरून सिद्ध करता येत नव्हते, ओढ्यावर अनेकांची तोंडे होती. पण कोणत्या कारखान्यात वर्षाला किती मीठ येते हे कुठेतरी जाहीर असते, तर त्या माणसांना हातात बाटली घेऊन दारोदार फिरावे लागले नसते.

याचा शेवट कुठे होतो हे तमिळनाडूत तिरुपूरने पाहिले आहे. बनियन-टीशर्टचे ते मोठे केंद्र. तिथल्या रंगाई कारखान्यांचे खारट पाणी नोय्यल नदीत गेले. नदीवर सिंचनासाठी 1992 मध्ये बांधून झालेल्या ओरत्तुपाळयम धरणात शेतीच्या पाण्याऐवजी सांडपाणी साठू लागले. शेतीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी सोडू नका असे सांगायची वेळ शेतकऱ्यांवर आली. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. हजारो कामगारांचा रोजगार गेला. नंतर आरओच्या पुढे बाष्पीभवनाची यंत्रे बसवून, पाणी परत वापरून आणि मीठही परत काढून कारखाने सुरू झाले. वाफेचा खर्च मोठा आहे, आणि रंगाईला परत वापरता न येणाऱ्या मिश्र क्षारांचे ढीग ही तिथली डोकेदुखी आहे. तरी क्षार नदीत न सोडता कापड रंगवता येते एवढे तिरुपूरने दाखवले. सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी इथल्या कारखानदारांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट का पाहावी?

सगळ्यांना उद्याच बाष्पीभवन यंत्र घ्या असे मी म्हणणार नाही. लहान कारखान्याला ते झेपत नाही. पण कमी खर्चात मीठ कमी करता येते आणि त्यातले बरेचसे आम्ही करून पाहिले आहे. ड्रायरच्या सिलिंडरमधून आणि हीटरमधून परत येणारे वाफेचे पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) दुरुस्त ठेवून ते सगळे बॉयलरच्या टाकीत आणले तर तेवढे पाणी मऊ करावेच लागत नाही, आणि ते गरम असल्याने कोळसाही वाचतो. फरशी धुणे, संडास, झाडे यांना मऊ पाणी लागत नाही. तरी कित्येक ठिकाणी एकच पाइपलाइन म्हणून सगळे पाणी सॉफ्टनरमधून जाते. मीठ मारताना शेवटी बाहेर येणाऱ्या पाण्यात जडपणा थोडा आणि न वापरलेले मीठ भरपूर असते. ते वेगळ्या टाकीत धरून पुढच्या खेपेला आधी तेच वापरायचे. पाणी वरून आणि मीठ खालून सोडणारे सॉफ्टनर मिळतात, त्यांना मीठ कमी पुरते. वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉशचे पाणी टाकीत निवळू दिले तर वरचे पाणी पुन्हा कच्च्या टाकीत घेता येते. आणि ऑपरेटरला ‘दर पाळीला एकदा मीठ मार’ असा सरधोपट हुकूम देण्यापेक्षा जडपणा तपासून मीठ मारायला शिकवले तर फरक लगेच मिठाच्या बिलात दिसतो.

हा ऑपरेटर बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या या मुलाला रेझिन म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नसते. यंत्र पुरवणारा दोन दिवस येऊन व्हॉल्व्ह दाखवतो आणि जातो. आयटीआयमध्ये बॉयलरबद्दल शिकवतात तसे औद्योगिक पाणी प्रक्रियेचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण प्रत्येक औद्योगिक जिल्ह्यात हवे, आणि त्यात मुलीही याव्यात. हे काम नजरेचे आणि नोंदीचे आहे, त्यांना ते उत्तम जमते हे मी पाहिले आहे.

कापड उद्योगासाठी 2016 साली केंद्राने काढलेल्या निकषांत विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरमागे 2100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि सोडियमच्या गुणोत्तरासाठी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती यासाठी, 26. काळ्या जमिनीसाठी हा 26 चा आकडा फारच सैल आहे असे माझे मत आहे. शिवाय लिटरमागचा आकडा पाळायला गोडे पाणी मिसळले तरी चालून जाते, जमिनीत जाणारे मीठ तेवढेच राहते. म्हणून मोजणी किलोत हवी. प्रदूषण नियंत्रण मंडळाला माझी विनंती आहे की संमतिपत्राच्या नूतनीकरणावेळी प्रत्येक रंगाई कारखान्याकडून वर्षभरात विकत घेतलेले मीठ, ग्लॉबर्स सॉल्ट, कॉस्टिक आणि आम्ल यांचा हिशेब मागावा, परत वापरले किती आणि बाहेर गेले किती हे लिहून घ्यावे, आणि ते कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर मराठीत लावायला सांगावे. खरेदीची बिले कारखान्याकडे असतातच, नवीन यंत्रणा लागत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही सांगणे आहे. पुढच्या उद्घाटनाला जाल तेव्हा पाहुण्यांच्या भाषणानंतर प्लान्टच्या मागच्या बाजूला जा. टाकाऊ पाण्याच्या पाइपावर मीटर आहे का पाहा, त्याचे कालचे आणि आजचे रीडिंग मागा. पाणी टँकरने जाते असे सांगितले तर टँकरच्या पावत्या आणि तो कुठे रिकामा झाला याची पोच मागा. मिठाच्या गोदामात महिन्याला किती पोती येतात ते स्टोअरकीपरला विचारा. हे चार आकडे बातमीत छापा, फोटो नसला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त केमिस्ट, सोलापूर