देणगी द्या, पण चालू खर्चासह

संपादक,
महोदय,

गणपतीत नाहीतर शिमग्याला गावी आलेले उद्योजक सभामंडपात उभे राहून शाळेला, वाचनालयाला, नाट्यगृहाला देणगी जाहीर करतात. यातले बरेचजण रिकाम्या हाताने मुंबई गाठून स्वतःच्या कष्टावर मोठे झालेले आहेत. त्यांच्या मनात गावाविषयी खरीच माया असते. म्हणूनच त्यांच्या पैशाचे पुढे काय होते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

असे देणे कोकणाला नवे नाही. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर गरिबीतून वर आले, मुंबईत कंत्राटदार झाले आणि 1931 साली त्यांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधले. सर्व जातींच्या हिंदूंना तिथे प्रवेश, हा हेतू पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय हेही लहानपणी पोरके झालेले. त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून 1857 मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि 1866 पासून ती सरकारने चालवली. म्हणजे देणगी एकदाच आली, पण शिक्षकांच्या पगाराची सोय कायमची झाली. गावातल्या देणग्या नेमक्या याच जागी अडतात. बांधायला पैसे असतात, चालवायला नसतात.

उदाहरण म्हणून किनाऱ्याजवळचे नाट्यगृह घेऊ. छपराला साधा जस्ती पत्रा घातला तर खाऱ्या वाऱ्याने आधी गंजतात ते स्क्रू. त्यांच्याभोवतीची भोके मोठी होतात आणि दोन-चार पावसाळ्यांत रंगमंचावर पाणी ठिबकू लागते. शिवाय उघड्या पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळत असताना तिसऱ्या रांगेत संवाद ऐकू येत नाही. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे आराखडा काढणाऱ्या शहरातल्या वास्तुविशारदाला आधीच सांगावे लागते. रंग चढवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि खाली आवाज अडवणारे अस्तर घ्यावे. नाहीतर मंगलोरी कौले आणि त्याखाली छत करावे. लाकडी रंगमंच असेल तर जोते भरतानाच वाळवीचे औषध हवे. फळ्या ठोकल्यावर मारलेले औषध वरवरचे राहते. फोमच्या खुर्च्या चार महिने बंद हॉलमध्ये बुरसतात. वातानुकूलनासाठी वीजभार मंजूर करून घेतला की त्यावरचा स्थिर आकार नाट्यगृह बंद असले तरी दरमहा भरावा लागतो. वर्षात वीस प्रयोगही होत नसतील तर भाड्यातून तेवढे बिलही निघत नाही. म्हणून दोन-तीनशे प्रेक्षकांसाठी उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि पंखे पुरतात, असे आमचे ठाम मत आहे.

मोठी वास्तू नसली तरी काम थांबत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दशावताराला, म्हणजे कोकणातल्या जत्रांत होणाऱ्या लोकनाट्याला, मदत करायची तर पैसा कोणत्या महिन्यात लागतो ते आधी पाहावे. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. पुढचे चार महिने कलाकाराला रात्रीचे मानधन नाही, म्हणून नवा मुलगा कंपनी सोडून गोव्याला नोकरीला जातो. दशावताराला लिखित संहिता नसते. भाषणे तिथल्या तिथे रचायची असतात, ती जुन्या नटाच्या शेजारी उभे राहूनच येतात. चित्रीकरण करून ठेवणे चांगलेच, पण त्यातून नट तयार होत नाही. सहा शिकाऊ मुलांना जून ते सप्टेंबर दरमहा 6000 रुपये दिले तर होतात 1 लाख 44 हजार. दोन गुरूंना दरमहा 15 हजार दिले तर 1 लाख 20 हजार. सगळे मिळून वर्षाला 2 लाख 64 हजार रुपये.

वाद्ये द्यायची असतील तर दुरुस्तीचा खर्चही सोबत द्यावा. पायपेटीचे पितळी सूर दमट हवेत हिरवे पडतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढली नाही तर कातड्याला बुरशी लागते. पावसात पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेले कातडे, ढिली पडते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या आधी, कारागिराकडून एकदा तपासणी ठरलेली असली की वाद्य टिकते. कपाटात कुलूपबंद ठेवलेले वाद्य सगळ्यात आधी खराब होते.

शाळांबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मिळतो. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तेवढा पट कुठून येणार? चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, तेही या मुलांच्या हातून जातात. यावर सोपा उपाय आहे: पाच शाळा मिळून एक चित्रकला शिक्षक, प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक दिवस. मानधन महिना 20 हजार म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार, प्रवासाला 30 हजार, कागद-रंगांना 30 हजार. एकूण 3 लाख. 7 टक्के व्याज धरले आणि महागाईसाठी व्याजातला चौथा हिस्सा मुद्दलात परत टाकला, तर सुमारे 57 लाखांच्या कायम निधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या ठेवीतून, हे काम थांबल्याशिवाय चालते. सगळे व्याज खर्च केले तर 43 लाखांतही भागेल, पण दहा वर्षांनी त्याच व्याजात शिक्षक मिळणार नाही. ही चूक जुन्या बक्षीसनिधींत हमखास दिसते. कधीकाळी भरघोस वाटलेल्या निधीच्या व्याजात आज एक वहीसुद्धा येत नाही.

इथे कायद्याची एक अट देणगीदारांना ठाऊक नसते. कंपनीचा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा पैसा जानेवारी 2021 नंतर कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. तो प्रत्यक्ष कामावर खर्च व्हावा लागतो आणि चालू प्रकल्प असला तरी त्याला मुदत असते. म्हणून छप्पर, वाद्ये, शिष्यवृत्ती कंपनीच्या पैशातून करावी. कायम निधी मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावा. असा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी संस्थेकडे आहे का आणि तीन वर्षांचे काम दाखवता येते का, हे आधी विचारावे. कायम निधीसाठी सही केलेले पत्र द्यावे आणि त्यात ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे शब्द असावेत. ते नसले तर हिशेबात ती साधी देणगी धरली जाते आणि खर्चून टाकता येते. करसवलत हवी असेल तर 2000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नये.

जमीन देणाऱ्यांनी आधी सातबारा नीट पाहावा. कोकणात तो बहुतेक सामाईक असतो, आजोबांचे नाव तसेच असते आणि निम्मे वारस मुंबईत. एका भावाने भावनेच्या भरात दिलेली जागा दुसऱ्या भावाच्या हरकतीने अडते आणि शाळेची खोली जोत्यावरच राहते. आधी वारसनोंद आणि वाटप, मग दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत बक्षीसपत्र, मग 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (मालमत्तेतला बदल नोंदवण्याचा), हाच क्रम ठेवावा. बदल अर्ज राहिला तर मालमत्ता न्यासाच्या परिशिष्टावर, म्हणजे मालमत्तेच्या अधिकृत यादीवर, चढत नाही आणि पुढे अनुदान मागताना अडचण येते.

बक्षीसपत्रात किंवा देणगीच्या करारात दुसरा हेतूही लिहून ठेवावा. पट घसरून शाळा बंद झाली तर खोली वाचनालयाला, नाट्यकंपनी मोडली तर निधी त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या लोककलेला, असे. नाहीतर मूळ हेतू संपल्यावर धर्मादाय आयुक्त आणि न्यायालय यांच्याकडे जावे लागते आणि तोवर पैसा बँकेत पडून राहतो. नावाची पाटी जरूर लावावी, तो देणाऱ्याचा मान आहे. पण करारात विश्वस्तांनी दरवर्षी कोणता हिशेब, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा तेही असू द्यावे.

शाळेचा शिक्षक जूनमध्ये वर्गात हवा, कारण चित्रकलेच्या परीक्षा साधारणतः पहिल्या सत्रातच होतात. त्यासाठी करार मार्चअखेर आणि नेमणूक मे महिन्यात व्हायला हवी. गणपतीत जाहीर झालेल्या देणगीचे कागद दिवाळीपर्यंत सुरू झाले, तरच हे जमते.

— सार्वजनिक न्यासांचे हिशेब पाहणारे काही वाचक, रत्नागिरी