‘अकिरा’चा सहावा खंड आणि वाचनालयाचा शिक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या वाचनालयांत आता जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, दिसू लागल्या आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’चा सहावा, म्हणजे शेवटचा खंड शहरातल्या एका वाचनालयात ज्या अवस्थेत आहे, ती पाहून जीव तुटतो.

ही प्रत उजवीकडून डावीकडे वाचायची आहे. मराठी पुस्तकासारखी हातात धरली, की ‘पहिले’ म्हणून जे पान उघडते ते कथेचे शेवटचे असते. दाखल क्रमांकाचा गोल शिक्का नेमका त्याच पानावर मारला आहे. जांभळी शाई चित्रातल्या मोकळ्या जागेत मुरून पाठच्या चित्रावरही उमटली आहे. तारखेची चिठ्ठी मात्र शीर्षकपानावर डकवली आहे, कारण ते ‘मागे’ आले. मांगाला शिक्का फक्त शीर्षकपानाच्या कोऱ्या कोपऱ्यात मारावा, गुप्त पानाचा (वाचनालय ओळखीसाठी आतले जे ठरावीक पान वापरते त्याचा) क्रमांक समासात पेन्सिलीने लिहावा आणि चिठ्ठी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावावी. एवढ्याने निम्मे नुकसान टळेल.

खरेदी करतानाही आवृत्ती पाहायला हवी. इंग्रजीतले जुने पेपरबॅक संच डावीकडून वाचता यावेत म्हणून चित्रे आरशासारखी उलटवून छापलेले आहेत. 2017 सालचा पुठ्ठाबांधणीचा संच मात्र मूळ दिशेने आहे. पहिले पाच खंड एका संचातले आणि सहावा दुसऱ्यातला घेतला, तर तेत्सुओ या प्रमुख पात्राचा तुटलेला उजवा हात मधेच डावा होतो. स्वस्त मिळतो म्हणून सुटा खंड घेऊ नये. घ्यायचे तर सहाही एकाच आवृत्तीचे घ्यावेत.

दिशेचा घोळ सहाव्या खंडात सर्वांत जास्त बाधतो. यात संवादच नसलेली पाने पुष्कळ आहेत. इमारती कोसळतात, तेत्सुओचे शरीर त्याच्या ताब्यातून सुटून फुगत जाते, आणि हे सगळे एका शब्दाशिवाय घडते. वाक्ये असली की उलटे वाचतो आहोत हे लगेच कळते. नुसत्या चित्रांत कळत नाही. स्फोट मोठा होण्याऐवजी आक्रसत जातो आणि वाचक गोंधळून पुस्तक मिटतो. प्रत्येक पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात करून डावीकडे जायचे, मग खालची ओळ. दोन पानांवर पसरलेले चित्र आधी एकत्र पाहायचे. एवढ्या सूचनेची चिठ्ठी आत लावली तरी पुरे.

आता बांधणी. खंड चारशेहून अधिक पानांचा आणि वजनदार आहे. पेपरबॅकची पाने पाठीला डिंकाने धरलेली असतात; वीस-पंचवीस हातांतून गेली की सुटू लागतात. मग बाइंडर नेहमीप्रमाणे पाठीपासून सेंटीमीटरभर आत टोचा मारतो, म्हणजे सगळ्या पानांतून आरपार भोके पाडून शिवतो, आणि तीन बाजू यंत्रावर कापून सारख्या करतो. कादंबरीला हे चालते, कारण तिला चारही बाजूंनी समास असतो. इथे चित्र पानाच्या कडेपर्यंत गेलेले असते. टोच्यामुळे जोडचित्राच्या मधला दोन-अडीच सेंटीमीटरचा पट्टा शिवणीत गडप होतो. ओतोमो यांची उद्ध्वस्त शहराची चित्रे दोन पानांवर पसरलेली असतात. त्यांचा मध्यच गेला तर उरले काय? शिवाय पुस्तक सपाट उघडत नाही, वाचक ते दाबून उघडतो आणि पाठ पुन्हा फुटते.

बाइंडरला स्पष्ट सांगावे: टोचा नको, कटिंग नको. पाठीवरचा जुना डिंक खरवडून काढावा. पाने सारखी करून गठ्ठा दाबात धरावा, पाठीकडची कड आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वाकवून दोन्ही वेळा पांढरा डिंक पातळसर लावावा, म्हणजे तो प्रत्येक पानाच्या कडेला किंचित आत जातो. वर मलमलीची पट्टी लावावी, दोन्ही अंगांना अडीच सेंटीमीटर सोडून, आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. पुठ्ठ्याची पाठ आतल्या पाठीला चिकटवू नये, पोकळ ठेवावी. पावसाळ्यात ही बांधणी करणे टाळावे. हवेतल्या ओलाव्याने डिंक नीट सुकत नाही आणि पाने लाटा धरतात. मूळ दिशेच्या प्रतीत नाव कोणत्या पुठ्ठ्यावर छापायचे, तेही खूण करून द्यावे.

एवढा आटापिटा एका चित्रकथेसाठी कशाला, असे विचारले जाते. अनेकांनी ‘अकिरा’ चित्रपट पाहिलेला असतो आणि कथा ठाऊक आहे असे त्यांना वाटते. चित्रपट 1988 चा. मांगा 1982 मध्ये ‘यंग मॅगझिन’ या जपानी नियतकालिकात सुरू होऊन 1990 मध्ये संपली आणि सहावा खंड पुस्तकरूपाने 1993 मध्ये आला. म्हणजे चित्रपट झाला तेव्हा मूळ शेवट व्हायचा होता. शहर बेचिराख झाल्यावर उरलेली माणसे कोणाचे राज्य मानतात, बाहेरून मदत घेऊन आलेल्या फौजेला काय उत्तर देतात, हा प्रश्न मांगातच पुरता सोडवला आहे. यातली हिंसा उघडी आहे, म्हणून ‘चित्रांचे पुस्तक’ समजून हा खंड बालविभागात ठेवणे चूकच. तो मोठ्यांच्या कपाटात हवा.

1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून इथली वाचनालये उभी केली. त्याच शहरातल्या ग्रंथपालांकडे ही मागणी आहे: पुढच्या खरेदीआधी आणि बांधणीच्या पुढच्या गठ्ठ्याआधी मांगांची प्रत्येक प्रत उजवीकडून एकदा उघडून पाहावी. शिक्का बसलेली प्रत आता दुरुस्त होणार नाही. ती वाचकांना द्यायची तर पाचव्या खंडासोबतच द्यावी.

आपले,
बडोद्यातील काही चित्रकथा-वाचक