साखरपुड्याच्या अंगठीतला खडा

माइंत्स, जर्मनी
रविवार, सायंकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गुरुवारी फोनवर बाबांनी लक्ष्मी रस्त्यावर आपल्या सराफांकडे पाहून ठेवलेल्या हिऱ्याच्या अंगठीचा विषय काढला, तेव्हा मी "कळवतो" एवढेच म्हणून बोलणे दुसरीकडे वळवले, याचे मला नंतर वाईट वाटले. चौघे जण एकदम बोलत असताना जे धड मांडता आले नसते, ते निवांतपणे लिहावे म्हणून हे पत्र. अर्ध्या कॅरटचा तो हिरा निवडण्यात तुमच्या दोन दुपारी गेल्या, हे आईने मला सांगितले आहे. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. अंगठी हिऱ्याची नको असे तुमच्या होणाऱ्या सुनेचे म्हणणे आहे, आणि पुरता विचार केल्यावर माझेही तेच मत झाले आहे.

यात काटकसर मुळीच नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आम्ही ठरवलेला खडा त्या हिऱ्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत आला, आणि पुण्याच्या माणसाने त्याबद्दल दुःख करावे असे मला वाटत नाही. परंतु मूळ कारण तिच्या हातांचे आहे. ती दिवसभर प्रयोगशाळेत काम करते, हातमोजे दिवसातून वीस वेळा तरी चढवते आणि उतरवते. बाबांनी पाठवलेल्या छायाचित्रातली अंगठी सुरेख आहे, पण तिचा हिरा चार काट्यांवर उंच बसवलेला आहे. तो पहिल्याच दिवशी हातमोजा फाडेल आणि दुसऱ्या दिवसापासून डबीत जाऊन बसेल. तिला अंगठी डबीत ठेवायची नाही, रोज घालायची आहे.

आता हिरा बसका बसवून घेता येणार नाही का, असे बाबा विचारतील. येईल. मग मुद्दा असा येतो की हिराच कशासाठी. आजी, तुझ्या साखरपुड्यात अंगठीच नव्हती, साखरेचा पुडा, नारळ आणि साडी एवढ्यावर काम झाले होते, असे तूच सांगितले आहेस. तुझ्या हातात पुढे आली ती सोन्याची साधी वेढणी. हिरे आपल्या देशात हजारो वर्षे होते, कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणींतून ते जगभर गेले, आणि अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला ते मुख्यतः भारतातूनच मिळत. तरीही सामान्य घरातल्या मुलीच्या बोटात लग्न ठरताना हिरा घालण्याची रीत आपल्याकडे नव्हती. ती आली दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर हिऱ्यांचे प्रचंड साठे सापडल्यावर, आणि पक्की झाली ती एका कंपनीने १९४७ साली अमेरिकेत हिरा चिरंतन असल्याचे घोषवाक्य प्रसृत केल्यावर. जाहिरातीने आलेली रीत वाईटच असते असे नाही, पण तिला आपल्या घराण्याचा कुळाचार समजण्याचेही कारण नाही.

दादाने फोनवर सुरतेच्या कारखान्यात बनणारा हिरा सुचवला होता. ती सूचना मी उडवून लावलेली नाही. असा हिरा नकली नसतो. अमेरिकेत १९५४ साली प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो पहिल्यांदा खात्रीलायक रीतीने बनवला गेला. आता हिऱ्याच्या पातळ चकतीवर वायूतील कार्बनचे थरावर थर चढवूनही तो काही आठवड्यांत वाढवतात. घडण तीच, कठीणपणा तोच, आणि नुसत्या डोळ्यांनी आपल्या सराफांनाही फरक सांगता येणार नाही. त्याचे भाव सारखे उतरत आहेत, म्हणून तो गुंतवणूक म्हणून घेऊ नये, एवढेच मी दादाला सांगेन. सुनेला मात्र हिऱ्याचा रंगहीन लखलखाटच आवडत नाही, आणि ज्याला वेलदोडा आवडत नाही त्याला स्वस्त वेलदोडा देऊन उपयोग नसतो.

याच कारणाने मॉइसनाइटही मागे पडला. बाबा, हा खडा तुम्हाला नावाने ठाऊक नसला तरी हाताला पुष्कळ परिचयाचा आहे. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये तुम्ही कार्बाइडची हत्यारे ज्या हिरव्या चाकावर घासत होता, ते सिलिकॉन कार्बाइड म्हणजेच हा. आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ साली ॲरिझोनातल्या एका उल्केच्या तुकड्यात याचे बारीक स्फटिक सापडले, म्हणून त्याचे नाव. दागिन्यातला मॉइसनाइट अर्थातच कारखान्यात तयार होतो. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० आणि हा सव्वानऊ, तेव्हा टिकायला उत्तम. शिवाय प्रकाशाचे रंग फोडण्यात तो हिऱ्याच्या दुपटीहून पुढे आहे, आणि तेच तिला नको होते. मंगल कार्यालयाच्या दिव्यांखाली तो इतके इंद्रधनुष्य उधळील की आत्या पहिल्याच पंगतीला "अमेरिकन डायमंड का गं?" म्हणून विचारेल. (अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनिया. तो वेगळा, पुष्कळ स्वस्त आणि लवकर ओरखडे पडणारा. पण आत्याला हे कोण समजावणार?)

आई, तू मोती आणि पाचू सुचवलेस. मोती तर आपलाच, तुझ्या कुड्या आणि आजीची नथ तिला लग्नात घालायची आहेच. पण रोजच्या अंगठीत मोती टिकत नाही. त्याचा कठीणपणा जेमतेम अडीच, तर घरातल्या साध्या धुळीत गारेचे जे कण असतात त्यांचा ७. म्हणजे नुसते पुसतानाही मोत्याची कळा उतरते, आणि घाम व अत्तर यांनी तर लवकरच. पाचू कठीण असला तरी आतून भेगाळलेला असतो, त्या भेगांत तेल भरून तो देखणा केलेला असतो, आणि ओट्यावर एकदा जोरात आपटला तर तडकू शकतो.

नीलमाबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिला पहिल्यांदा तोच आवडला होता आणि मी त्याचे नाव काढताच आजी गप्प झाली होती. आजी, तुझी भीती मला समजते. नीलम शनीचा, तो उशाखाली ठेवून पारखल्यावाचून घालू नये, लाभला तर लाभला नाहीतर होत्याचे नव्हते, हे मी लहानपणापासून ऐकले आहे. पण एक गंमत तुला सांगतो. नीलम, माणिक आणि पिवळा पुष्कराज हे तिन्ही एकाच जातीचे दगड आहेत, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. किंचित क्रोमियम मिसळले की माणिक होतो, लोहाबरोबर टायटॅनियम आले की नीलम, आणि बहुधा नुसत्या लोहाने पिवळेपणा येतो. बाबांच्या टूलरूममधली पांढरी चाके याच पदार्थाची. म्हणजे एकाच दगडाला सूर्य, शनी आणि गुरू असे तीन धनी आहेत, आणि त्यांच्यातला निवाडा धातूच्या कणभर भेसळीवर ठरतो. हे ऐकून तू हसशील पण मत बदलणार नाहीस, हे मी जाणतो. साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या मनात किंतु राहावा अशी आमची दोघांचीही इच्छा नाही, म्हणून नीलम आम्ही बाजूला ठेवला. पिवळा पुष्कराज मग ओघानेच पुढे आला, पण तो तर्जनीत घालतात की अनामिकेत यावर तू आणि आईने अर्धा तास घालवलात, तेव्हा त्याचाही नाद सोडला.

मागच्या शनिवारी आम्ही दोघे आगगाडीने इडार-ओबरश्टाइनला गेलो. नाहे नदीच्या खोऱ्यातले हे लहानसे गाव कित्येक शतके खड्यांना पैलू पाडण्यावर जगत आले आहे. तेथे पाण्याच्या चाकावर चालणारी जुनी घासणशाळा जतन केली आहे. पूर्वीचे कारागीर मोठ्या वालुकाश्माच्या चाकासमोर लाकडी बाकावर पालथे पडून, पोटावर सारा भार देऊन अकीक घासत, आणि दगडाची धूळ छातीत जाऊन अनेक जण अकाली मरत. ते पाहून बाहेर आल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. नंतर एका वृद्ध कारागिराने आपल्या दुकानात कागदाच्या पुड्या उलगडून खडे दाखवले, अगदी रविवार पेठेतल्यासारखे, आणि पाचव्या की सहाव्या पुडीत तिला हवा तो खडा मिळाला.

त्याचे नाव स्पिनेल. रंग करडा, किंचित जांभळट, पावसाळ्यात सिंहगडावर ढग टेकतो तेव्हा दिसतो तसा. वजन एक कॅरटहून थोडे अधिक. हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही, कारण हा दगड पूर्वापार दुसऱ्याच्या नावावर खपला. मुघलांच्या खजिन्यात बदख्शानहून येणारे जे 'लाल' होते, ते स्पिनेल. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात जो भलामोठा लाल खडा माणिक म्हणून प्रसिद्ध आहे, तोही स्पिनेल. माणकापासून वेगळा दगड म्हणून तो ओळखला गेला तो १७८३ साली. नवरत्नांत त्याला जागा नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणत्याही ग्रहाचा हक्क नाही. आजी, हे तुझ्यासाठी मुद्दाम अधोरेखित केले आहे.

त्याचा कठीणपणा ८, म्हणजे धुळीला पुरून उरणारा. आणि हिरा घणालाही दाद देत नाही अशी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या समजूत असली, तरी ती खरी नाही हे बाबांनीच मला लहानपणी सांगितले होते. चाकाचे तोंड सरळ करण्याच्या ड्रेसरचा हिरा एका शिकाऊ पोराच्या हातून आपटला आणि त्याचा टवका उडाला, ती हकीकत मी विसरलेलो नाही. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. हिऱ्याला ठरावीक दिशांनी सरळ चिरफळण्याची खोड आहे, स्पिनेलला ती नाही म्हटले तरी चालेल.

त्याचे दोषही सांगतो. कृत्रिम स्पिनेल शंभर वर्षांहून अधिक काळ बनत आहे आणि बाजारात सर्रास मिळतो, म्हणून प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत. त्यात खडा नैसर्गिक असून त्यावर उष्णतेची प्रक्रिया केलेली नाही असे म्हटले आहे. मोडायला गेल्यास त्याचे काय येईल ते सांगता येत नाही, मात्र हिराही घेतल्या भावाने परत जात नाही. आणि तो श्रीलंकेतल्या भातखाचरांत खणलेल्या खड्ड्यांतून, गाळ टोपल्यांत धुऊन काढलेला आहे असे कारागीर म्हणाला. हिऱ्यांच्या रक्तरंजित व्यापाराला आळा घालण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत आहे, तिच्यात उणिवा आहेत, पण रंगीत खड्यांसाठी तेवढीही नाही. तेव्हा आमची निवड सोवळ्यातली आहे असा आव मी आणणार नाही.

आता कामाचे. खडा मी डिसेंबरात बरोबर आणीन, पावती आणि प्रमाणपत्र जवळ ठेवून विमानतळावर तो रीतसर दाखवीन. अंगठी मात्र पुण्यातच, आपल्या सराफांच्या कारागिराकडून घडवावी अशी तिची फार इच्छा आहे, आणि आजीची झिजलेली वेढणी त्यासाठी आटवायला आजीने संमती दिली तर दुधात साखर. बाबा २२ कॅरटचा आग्रह धरतील, पण ते सोने मऊ पडते आणि रोजच्या वापरात खड्याची पकड सैल होते. १८ कॅरट करावे, ७५० चा हॉलमार्क घ्यावा. काटे नकोत, खड्याभोवती सोन्याची बसकी कड हवी, आणि कोंदण खालून बंद करू नये, म्हणजे उजेडही जाईल आणि साबणाचा मळ रिठ्याच्या पाण्याने व मऊ ब्रशने काढता येईल. डाक लावण्याचे सारे काम आधी संपवून खडा अगदी शेवटी बसवावा. हिरा आच सोसतो म्हणून कारागिरांना सवय असते, स्पिनेल ती सोसेलच असे नाही.

सराफांना हिऱ्याबद्दल नाही म्हणताना अवघड वाटत असेल तर माझे नाव पुढे करा. तिच्या बोटाचे माप सोबत कागदी पट्टीवर पाठवले आहे. ते थंडीतले आहे, पुण्यात बोटे थोडी फुगतील, तेव्हा किंचित सैल धरावे. आजीचे वेढणीबद्दल काय म्हणणे आहे ते मात्र पुढच्या फोनवर तिनेच मला सांगावे.

आजीस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, छोटीस गोड पापा.

तुमचा,
बाळ