सळईचं मूळ कानशीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

धार लावायच्या सळईसाठी सगळे खाटीक ‘डिक’ या जर्मन कंपनीचंच नाव का घेतात, असं तू विचारलंस. माझ्या मते त्याचं कारण कानशीत, म्हणजे धातू घासायच्या दातेरी हत्यारात आहे.

१७७८ साली दक्षिण जर्मनीतल्या एसलिंगनमध्ये योहान फ्रीडरिश डिक यांनी कानशींचा कारखाना काढला. तेव्हा कानशीचा एकेक दाता छिन्नी-हातोड्याने पाडत. आधी पोलाद तापवून सावकाश निववायचं, म्हणजे ते मऊ होतं. एक बाजू झाली की कानस शिशावर पालथी घालायची, नाहीतर खालचे दाते चेपतात. शेवटी तापवून पाण्यात बुडवायची. इथे आच चुकली की कानस वाकली किंवा तडकली, सगळी मेहनत पाण्यात!

खाटकाची सळई याच घरातली. फक्त तिच्यावर आडव्या दात्यांऐवजी लांबीच्या दिशेने बारीक रेघा. सुऱ्याचं पोलाद रॉकवेल या कठीणपणाच्या मापात ५६च्या आसपास असतं. सळई त्याहून कठीण हवी, नाहीतर सुराच तिला खाईल. पुढे सुरे, सॉसेज भरायची यंत्रं, धार लावायची यंत्रंही आली. कंपनी आजही कुटुंबाचीच, आता जवळच्या डायझिसाउ गावात.

आता तुझी तक्रार, सळई फिरवूनही सुरा कापत नाही. अरे, सळई धार काढत नाही, वळलेली धार सरळ करते. पार बोथट सुऱ्याला आधी निसणाच, म्हणजे धार लावायचा दगडच हवा. मग सळईशी १५ ते २० अंशांचा कोन धरून मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढ, एकदा या बाजूने, एकदा त्या. पाच-सहा वेळा पुरे. जोर लावलास की धार पुन्हा वळते. टोकाकडे मनगट उचललं जातं, म्हणून टोक नेहमी बोथट राहतं. चरबी बसली की रेघा बुजतात आणि सुरा नुसता घसरतो. रोज गरम पाणी-साबणाने धुऊन लगेच पूस.

सळई सुऱ्याच्या पात्यापेक्षा लांब घे, ३० सेंटिमीटरची बरी. डिकच्या ‘डिकोरॉन’ नावाच्या सळईच्या रेघा फार बारीक आहेत, ती रोजच्या धारेसाठी; हाडावर आपटलेल्या सुऱ्याला तिचा उपयोग नाही.

तुझा,
मित्र