गच्चीवरची टाकी, घरचं बॅरल आणि कोरडा दिवस

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व कमिटी सदस्य,
कोल्हापूर

विषय: बी विंगच्या टाकीचं झाकण बदलणे व दर रविवारी कोरडा दिवस (साठवलेलं पाणी ओतून भांडी घासून वाळवण्याचा दिवस) पाळणे

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला. पाच दिवस सलाईन, आणि रोज सकाळी प्लेटलेटचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. तो आता बरा आहे, शाळेत जायला लागलाय. पण त्याच्या पाठोपाठ ए विंगमध्ये दोघांना ताप आलाय, म्हणून हे लिहिते आहे.

परवा वॉचमन मामांना घेऊन गच्चीवर गेले. बी विंगच्या टाकीचं झाकण फुटलंय हे आपल्याला माहीत आहेच. त्यावर वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाकून कडेला विटा ठेवल्यात. तो फ्लेक्स मधोमध खचलाय आणि त्या खळग्यात पावसाचं पाणी साठलंय, जेमतेम दोन वाट्या. मोबाईलची बॅटरी मारली तर त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. सावली पडली की झर्रकन तळाला, थोड्या वेळानं परत वर. मामा म्हणाले, "ताई, हे पावसाचं स्वच्छ पाणी हाय, गटारीचं न्हवं." आपण सगळे इथंच फसतो. डेंग्यूच्या डासाची, एडिसची मादी असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यालाच अंडी घालते. आणि चावते दिवसाउजेडी, म्हणजे रात्री मच्छरदाणी लावून पोरं सुरक्षित राहत नाहीत.

नळाला पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे घरोघरी बॅरल भरून ठेवावंच लागतं. त्याबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. पण आमच्या घरी चूक झाली ती इथंच. बॅरल रिकामं झालं की तळाचं पाणी ओतून द्यायचं आणि परत भरायचं, एवढंच आम्ही करत होतो. अंडी असतात ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या अंगाला चिकटलेली. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. तिथून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल आतून काथ्यानं खसाखसा घासून, उपडं घालून वाळवायलाच हवं. फ्रिजमागचा ट्रे आणि तुळशीखालची ताटली यातही हाच प्रकार असतो.

मागच्या सभेत बऱ्याच जणांनी धूर फवारणीची मागणी केली. ती जरूर करू. पण धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव ही आसपासची गावं बघता बघता शहराला येऊन चिकटली, इमारती वाढल्या. महापालिका १९७२ साली झाली, हद्दवाढीचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. फवारणी कुणाच्या हद्दीत, यावर वाद घालत बसलो तर पावसाळा निघून जाईल. आपल्या गच्चीवर जायला कुणाची परवानगी लागत नाही.

टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला बारीक जाळी, हे काम याच आठवड्यात व्हावं अशी कळकळीची विनंती आहे. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसून घ्यावं. शेजारच्या बांधकामावर स्लॅबला पाणी धरायला आळी केलीत, त्यात पाणी तुंबून आहे. तिथल्या मालकांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर वजन पडेल. बागेतल्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत, आरोग्य केंद्रात त्याची चौकशी मी करते.

कोरड्या दिवसासाठी बी विंगच्या घरोघरी जायला मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तयार आहोत, ए विंगसाठी कुणीतरी पुढं यावं. येत्या रविवारी सकाळी आठला मी गच्चीवर असेन. तोवर झाकण आणून ठेवलंत तर मामांच्या मदतीनं त्याच दिवशी बसवून घेऊ.

आपली विश्वासू,
एक रहिवासी, बी विंग, तिसरा मजला