साताऱ्याच्या मित्रास: आधी छातीचं ऑपरेशन, बाकीचं सवडीने

मिरज,
ऑक्टोबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलं असलं तरी तू पुरुष, म्हणजे ट्रान्स पुरुष, आणि त्यासाठीचं ऑपरेशन डिसेंबरात करायचं म्हणतोस. छाती, गर्भाशय, खालचं (जननेंद्रियाचं), सगळं एकदाच उरकून टाकावं का, असं विचारलंयस. माझं मत सरळ सांगतो: आत्ता फक्त छाती कर. ही ऑपरेशनं म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत, की सगळ्या पास झाल्याशिवाय पुरुष म्हणून दाखला मिळणार नाही. कुणी फक्त छातीचं करून आयुष्यभर समाधानात राहतं, कुणी काहीच करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या निकालात, म्हटलंय, की लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची आणि तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे. कागदपत्रांचे नियम त्यानंतरही बदलत आलेत, म्हणून दाखल्याला काय लागतं ते अर्ज भरायच्या वेळी समाजकल्याण कार्यालयात विचारून घे. पण निव्वळ कागदासाठी अंगावर सुरी चालवून घेऊ नकोस.

कुठल्याही ऑपरेशनबद्दल ठरवताना दोन गोष्टी बघ. रोजचा कुठला त्रास जाणार, आणि रोजचं कुठलं नवं काम मागे लागणार. छातीच्या ऑपरेशनने बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट ठेवणारं घट्ट बनियन, जातो, बरगड्यांचं दुखणं जातं, उन्हाळ्यात दोन-दोन शर्ट घालणं जातं. आणि व्रण भरले की मागे जवळपास काहीच काम उरत नाही. हा हिशोब इतका चांगला दुसऱ्या कुठल्याच ऑपरेशनचा नाही.

आता पद्धती. छाती अगदी लहान आणि कातडी घट्ट असेल, तर निपलच्या कडेला छोटा छेद घेऊन आतला भाग काढता येतो. याला कीहोल म्हणतात. थोडी मोठी असेल तर निपलभोवती गोल छेद घेऊन थोडी कातडीही काढतात. या दोन्हींत व्रण लपतो आणि निपलची संवेदना टिकण्याची शक्यता जास्त, पण आत काम करायला जागा कमी मिळते. त्यामुळे रक्त साचण्याचं आणि पुन्हा दुरुस्ती करण्याचं प्रमाण जास्त राहतं. तिसरी पद्धत डबल इन्सिजन: छातीच्या स्नायूच्या खालच्या कडेने दोन्ही बाजूंना आडवा छेद, जादा कातडी काढायची, निपल सुटं करून लहान करायचं आणि योग्य जागी कलम म्हणून बसवायचं. तू लिहिलंयस त्यावरून, आणि इतकी वर्षं बाइंडर वापरल्याने कातडी सैल पडलीय हे धरून, तुला तिसरीच पद्धत सुचवतील. 'व्रण दिसणार नाही' या आमिषाने कीहोलचा हट्ट धरू नकोस. सैल कातडीवर ते केलं की छाती सपाट न होता लोंबलेली दिसते आणि वर्षभराने दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

निपलबद्दल आधीच समजून घे. कलम केलेल्या निपलला पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीला पांढरट चट्टे पडतात; रंग काही महिन्यांत बराचसा भरतो, नाही भरला तर टॅटू करून भरता येतो. काही नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना पूर्ण पुरुष ना पूर्ण स्त्री मानणारी, मंडळी निपल नकोच म्हणतात, काही छाती सपाट न करता फक्त लहान करून घेतात. दोन्ही मागण्या रीतसर आहेत. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या तर डॉक्टर बदलावा.

तयारीत पहिलं, मानसोपचार तज्ज्ञाचं पत्र. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत एका तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानलंय, आणि छातीसाठी आधी हॉर्मोन घेतलेच पाहिजेत अशी अट नाही. आपल्याकडे मात्र बरेच सर्जन दोन पत्रं मागतात, म्हणून आधीच विचार. पत्रात जेंडर इनकॉन्ग्रुअन्सचं (जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची लिंगओळख न जुळण्याचं) निदान, निर्णय घेण्याची क्षमता आणि नेमकं कुठलं ऑपरेशन हे तिन्ही लिहिलेलं हवं. 'पहिल्यांदा समुपदेशन करून मन वळवून बघू' असं कुणी म्हणालं, तर उठून यायचं. लिंगओळख बदलण्याच्या 'उपचारा'ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

दुसरं, तपासण्या. छातीची सोनोग्राफी, सीबीसी, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी. सीबीसीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघ. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनने तो वाढतो, आणि ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डोस कमी करून तो खाली आणावा लागतो, नाहीतर गुठळी होण्याचा धोका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. एखादं चूर्ण, काढा चालू असेल तर तोही भुलीच्या डॉक्टरला सांग. घरी ब्लेडने छाती साफ करू नकोस. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: तंबाखू. फॉर्म भरताना आपल्याकडची माणसं 'स्मोकिंग नाही' म्हणून लिहून मोकळी होतात आणि सकाळी दाताला मिशरी लावतात. मिशरी, मावा, गुटखा, तपकीर, सगळ्यांत निकोटिन आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सुटं करून बसवलेलं निपल पहिले काही दिवस नेमकं त्याच बारीक वाहिन्यांच्या आशेवर जगत असतं. रक्त पोचलं नाही तर ते काळं पडून गळतं. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनचे च्युइंगमसुद्धा याच हिशोबात.

ऑपरेशन तीन-चार तासांचं. शुद्धीवर येशील तेव्हा छातीला घट्ट कम्प्रेशन जॅकेट असेल आणि काखेजवळून दोन ड्रेन नळ्या बाहेर, आतलं रक्त-पाणी ओढून घ्यायला टोकाला एकेक फुगा लावलेला. ड्रेन सांभाळणं सोपं आहे, फक्त शिस्त लागते. दिवसातून दोनदा फुगा रिकामा करायचा, डावा-उजवा वेगळा मोजायचा, वहीत मिलिलिटर लिहायचे. नळीत गुठळी अडकू नये म्हणून ती शरीराजवळ एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खालच्या दिशेने पिळत न्यायची. बूच लावण्याआधी फुगा दाबून हवा काढायची, नाहीतर तो ओढतच नाही आणि पाणी आत साचतं. २४ तासांत एका बाजूचं २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात.

पहिल्या दोन दिवसांत खरी भीती रक्त साचण्याची. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखणं वाढतच गेलं, किंवा फुग्यात लालभडक रक्त भराभर भरू लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनला फोन. अशा वेळी थिएटरात नेऊन रक्त काढावंच लागतं. बर्फ आणि गोळीने भागत नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे, की पुण्यात ऑपरेशन केलंस तर निपलचं पहिलं ड्रेसिंग उघडून नळ्या निघेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, पुण्यातच रहा. पोटरी सुजली-दुखली, धाप लागली, किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तरी तेच: वाट बघायची नाही.

साताऱ्याला परत येताना मोटारीनेच ये. रेल्वेच्या डब्यात चढताना दांडी धरून अंग वर ओढावं लागतं, ते टाक्यांना चालणार नाही. सीटबेल्ट लावायचाच, पण छाती आणि पट्टा यांच्यामध्ये मऊ उशी ठेव. सहा आठवड्यांपर्यंत दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. न्हाणीघरातली भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते हे लोक विसरतात. नळ्या असेपर्यंत कमरेखाली तांब्याने पाणी घ्यायचं, वरचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, त्यामुळे चहा-साखरेचे डबे, चार्जर, कपडे आधीच कमरेच्या उंचीवर काढून ठेव आणि पुढून बटणांचे शर्ट घे. पण हात अंगाला चिकटवूनही बसू नकोस, खांदा आखडतो; कोपर, मनगट आणि मर्यादेतला खांदा पहिल्या दिवसापासून हलवत रहा. उताणं झोपायचं, पाठीमागे उशा रचून. दुचाकी महिनाभर तरी नाही. अजिंक्यताऱ्याची चढण सहा आठवड्यांनंतर, आधी सपाटीवर चालणं.

डिसेंबर निवडलास ते बरं केलंस. जॅकेट तीन ते सहा आठवडे जवळपास दिवसभर अंगावर असतं. एप्रिल-मेच्या घामात खालची कातडी उबते, आणि आपल्याकडच्या पावसात ते धुतलं तर दोन दिवस वाळत नाही. तरी दोन जॅकेटं घे.

खाण्याबद्दल घरात वाद होणार. 'डाळ नको, वांगं नको, जखमेत पू होतो' म्हणून कुणीतरी तुला नुसत्या पेजेवर ठेवेल. पू जंतूंनी होतो, डाळीने नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा अंडी, मटकीची उसळ, वरण, दही, शेंगदाणे व्यवस्थित खा. वेदनाशामक गोळ्यांनी पोट घट्ट होतं, म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर. आणि कलमावर हळद, तूप, कोरफड काही लावू देऊ नकोस. उघडल्यावर निपल काळसर, खपली धरलेलं दिसतं. बघून घाबरू नकोस, खपली आपोआप पडते. ओढायची मात्र नाही.

जखम पूर्ण मिटली की साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल किंवा पट्टी, निदान दोन-तीन महिने. आपल्या कातडीत व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असते. कडा उंचावून खाजायला लागल्या तर लवकर दाखव, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बसतात. वर्षभर व्रणावर ऊन नको. काखेकडच्या टोकाला कातडीचा छोटा उंचवटा राहू शकतो, त्याला डॉग इअर म्हणतात. पुष्कळदा आपोआप बसतो. सहा महिने ते वर्षभर थांबल्याशिवाय दुरुस्तीचं बोलू नये. थोडी ग्रंथी मागे उरते, म्हणून पुढेही कधी गाठ लागली तर तपासून घ्यायची.

गर्भाशयाचं सवडीने ठरव. दुर्बिणीने होतं, दोन-तीन दिवसांत घरी जाता येतं. पण अंडाशय ठेवायचे की काढायचे, हा खरा प्रश्न आहे. दोन्ही काढले आणि पुढे कधी पैशांअभावी टेस्टोस्टेरॉन थांबलं, तर हाडं ठिसूळ होतात. मूल हवंसं वाटण्याची थोडीही शक्यता असेल तर स्त्रीबीजं आधी गोठवावी लागतात. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नव्हे, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. आणि गर्भाशयमुख राहिलं तर त्याची पॅप तपासणी (कर्करोगासाठीची) चालू ठेवावी लागते.

खालच्या ऑपरेशनांत मेटॉइडिओप्लास्टी म्हणजे टेस्टोस्टेरॉनने वाढलेला भाग मोकळा करणं: आकार छोटा, पण संवेदना पूर्ण. फॅलोप्लास्टीत, म्हणजे नवं लिंग घडवताना, बहुधा हाताची, मनगट आणि कोपर यांमधली कातडी रक्तवाहिन्या आणि नसांसकट घेतात. टप्पे दोन-तीन, आधी तिथले केस कायमचे काढावे लागतात, आणि मूत्रमार्ग लांबवला तर त्याला भोक पडणं किंवा तो आकसणं हे बऱ्याच जणांना होतं. उभं राहून लघवी करता येणं तुझ्यासाठी किती मोलाचं आहे, यावर हे ठरतं. ते उत्तर तुझ्याकडे येईपर्यंत थांब.

तुझ्या गटातल्या ताईंना, म्हणजे ट्रान्स स्त्रियांना, एक निरोप दे. व्हजायनोप्लास्टीनंतर, म्हणजे योनिमार्ग घडवल्यानंतर, डायलेटर (तो मार्ग उघडा ठेवायला आत घालायची दांडी) वापरणं हे आयुष्यभराचं काम आहे: सुरुवातीचे महिने दिवसातून तीनदा, मग हळूहळू कमी. एकांताची खोली नसेल तर ते सुटतं आणि मार्ग आकसून बंद होतो. संबंधांसाठी आतला मार्ग नको असेल तर नुसती बाहेरची रचना करणारं ऑपरेशन आहे, त्यात डायलेटर लागत नाही. किंवा आधी फक्त वृषण काढून घेता येतात. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बनणं जवळपास थांबतं आणि ते दाबणाऱ्या गोळ्याही बंद होतात. कुणी दाईकडे निर्वाणाला, म्हणजे पारंपरिक पद्धतीने लिंग-वृषण कापून घ्यायला, न्यायची गोष्ट काढली, तर काहीही करून थांबव. त्यात भूल नाही, रक्त आवरायची सोय नाही, आणि जगल्या-वाचलेल्यांची मूत्रमार्गाची दुखणी वर्षानुवर्षं चालतात.

ॲडव्हान्स भरण्याआधी अंदाजपत्रक लेखी घे: सर्जन, भूल, खोली, दोन जॅकेटं, काढलेल्या भागाची पॅथॉलॉजी, आणि दुरुस्ती लागली तर तिचा खर्च कुणाचा. त्यांनी केलेल्या, तुझ्यासारख्याच छातीच्या, वर्षभरानंतरच्या फोटोंची मागणी कर. सोनोग्राफी आणि सीबीसीचे रिपोर्ट आले की लगेच मला पाठव. पहिला आठवडा पुण्यात तुझ्याबरोबर कोण राहणार तेही कळव. कुणी नसेल तर मी रजा टाकतो.

तुझाच
मित्र